आडव्या बाबाचं माप

आत्माराम दर वैशाखात मुंबईहून रजेवर यायचा, तेव्हा त्याच्या ट्रंकेपेक्षा कॅमेऱ्याची पेटी जड असायची. तो गोदीत कारकून होता. वर्षभर समोर गुदामाची भिंत, म्हणून रजेत त्याला लांबचं काहीतरी बघायचं असे. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिला चामड्याचा भाता, भिंगावर पितळी टोपी, आणि खाली तीन पायांची घोडी. ही घोडी उचलायचं काम माझं. जगात माणसं घोडीवर बसतात. मी घोडी खांद्यावर घेऊन तीन वैशाख सडा तुडवला.

आम्ही पेज पिऊन निघायचो. काजूच्या बागेतून, करवंदांच्या जाळ्यांमधून चढण चढलं की सडा लागतो. सडा म्हणजे नुसता कातळ, मैलोगणती, वर पिवळं वाळलेलं गवत आणि पलीकडे खाली रत्नागिरीची खाडी. आत्माराम दर थोड्या वेळाने "बाळ्या, थांब" म्हणायचा, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तीतून बघायचा आणि "नाही, अजून पुढे" म्हणून चालू लागायचा. तोवर मी करवंदं खायचो. दिवसभराच्या चालण्यात एखादा देखावा त्याच्या मनास यायचा, कधी तोही नाही. वाडीतली माणसं म्हणत, हे दोघे पेटीला हवा खायला नेतात. त्याच्या चित्रांत माणूस कधीच नसे. "माणसं हलतात," तो म्हणायचा. "डोंगराला सांगावं लागत नाही."

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या वैशाखात त्याचं माझ्या बहिणीशी, हिराशी, लग्न ठरलं. त्याची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओहोळाच्या, पलीकडे, आमची अलीकडे. म्हणजे हिराला सासरी जायला पऱ्या ओलांडायचा आणि रुसून माहेरी यायला परत तोच, एवढाच काय तो प्रवास. लग्नाआधीचा घरचा मुहूर्त करून झाला. त्यानंतर नवऱ्याने शीव ओलांडायची नसते, असं आमच्याकडे आहे. पण आत्मारामला त्या वर्षीचा एक देखावा राहिला होता. तो आईच्या मागे मागे चुलीपर्यंत फिरला.

शेवटी तिने, म्हणजे यमुनामावशींनी, फळीवरचा लोखंडी अडकित्ता काढला आणि त्याच्या कमरेला खोचला. "लोखंड अंगावेगळं करू नको. दुपार कलायच्या आत घरी ये." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे, मेल्या. जसा नेतोयस तसा आणून दे माझा पोरगा."

"थोडा काळा होऊन येईल, मावशी," मी म्हटलं. "पण तोच येईल."

माझ्या बोलण्याकडे कुणी फारसं लक्ष देत नसे. त्याला कारण होतं. शिमग्यात मी दाभोळहून पडावातून हत्ती येतोय अशी बातमी सोडली होती आणि निम्मी वाडी खाडीवर जाऊन बसली होती. दोघांनी केळी नेली होती.

आत्मारामला हवा होता आडवा बाबा. सड्याच्या मधोमध, कातळात खोदलेला एक माणूस आहे. म्हणजे माणसाची नुसती रेघ. डोकं गोल, हात अंगाला चिकटलेले, दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली. नाक, डोळे, तोंड काही नाही. कुणी खोदला, कधी खोदला, ठाऊक नाही. गुराखी त्याच्यावर पाय देत नाहीत, वळसा घालून जातात. विचारलं तर सांगतात, झोपलेल्याला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते. बाबाची वाढ खुंटली तर कुणाचं काय अडलं होतं, हे मी एकदा विचारलं. गुराख्याने म्हैस हाकली.

पावसाळ्यात बाबा गवताखाली असतो. वैशाखात उघडा पडतो, पण कातळ आणि रेघ एकाच रंगाची. लांबून काहीच दिसत नाही. आत्मारामने पिशवीतून रांगोळी काढली.

"ही कुठली?"

"तुमच्याकडचीच. हिराच्या लग्नाची. एवढी काय लागते मांडवाला?"

आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून सगळी खाच रांगोळीने भरली. काम संपवून मागे सरकलो तर बाबा कातळातून वर आल्यासारखा दिसला. पांढरा, ठसठशीत, आणि वाटला होता त्याहून मोठा.

"जेवायच्या ताटाभोवती रांगोळी काढतात," मी म्हटलं. "माणसाभोवती पहिल्यांदाच बघतोय. बाबाची पंगत बसलेली दिसते."

आत्माराम हसला. पण त्याचा पाय रेघेच्या आत होता, तो त्याने बाहेर घेतला.

मग त्याने गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चिरे रचून त्यावर घोडी उभी केली, काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. बाहेर आला तेव्हा तोंड पडलं होतं. "माप कळत नाही. बाबा केवढा आहे ते कळायला शेजारी माणूस हवा."

"माणसं हलतात ना?"

"मी नाही हलणार. टोपी तू काढ." त्याने वहाणा काढल्या, बाबाशेजारी बसून पाहिलं, उठला, आणि सरळ रेघेच्या आतच आडवा झाला. लगेच अर्धा उठून कमरेचा अडकित्ता काढला. "टोचतोय. धर जरा."

मी तो खिशात टाकला. आत्माराम परत निजला. आम्ही भरलेला बाबा त्याच्यापेक्षा हातभर तरी लांब होता, हे मी शपथेवर सांगेन. पण तो निजला तेव्हा डोकं डोक्यात आणि टाचा टाचांत बसल्या. शिंप्याने माप घेतल्यासारखा.

"गार आहे," तो म्हणाला.

"काय गार आहे? वर अंडं फोडलं तर शिजेल."

"गार आहे रे. लवकर काढ."

भिंगावर पिवळी काच लावली की वेळ जास्त द्यावा लागतो. तेवढा वेळ माणसाने मेल्यासारखं पडून राहायचं. "मी झालं म्हणेपर्यंत हलू नकोस," मी म्हटलं, टोपी काढली आणि मनात मोजायला लागलो.

सकाळपासून एक टिटवी डोक्यावर ओरडत होती. मोजता मोजता ती थांबली. नुसती टिटवी नाही, गवताची सळसळही थांबली. मी वर पाहिलं. आभाळात काहीच नव्हतं.

खाली पाहिलं तर आत्माराम रेघेबाहेर उभा होता.

"अरे, झालं म्हटलं का मी?"

"पुरे," तो म्हणाला.

टोपी अजून माझ्या हातात होती. मी ती भिंगावर बसवली आणि त्याला चार शिव्या दिल्या, कारण पेटीतली काचेची प्लेट फुकट गेली होती. हललेल्या माणसाचं नुसतं धुकं उमटतं, हे त्यानेच मला शिकवलं होतं. शिव्यांना तो नेहमी उलट शिवी द्यायचा. या वेळी त्याने ऐकून घेतल्या. मी सगळ्या देऊन होईस्तोवर थांबला आणि मग वाडीच्या दिशेला चालू लागला. अनवाणी. वहाणा तिथेच राहिल्या. त्याच्या पाठीवर रांगोळीचा एक कण नव्हता.

उतरणीच्या तोंडाशी खाडी दिसते. भरती लागली होती आणि एकामागोमाग एक शिडं आत येत होती, ऊन बरोबर त्यांच्यावर. ह्या देखाव्यासाठी तो दोन वर्षं झुरला होता. तो चालतच राहिला. शेवटी मीच म्हटलं, "आत्म्या, थांब."

तो थांबला. मी देखावा पाहिला, करवंदं खाल्ली, पाणी प्यायलो. तो वाटेकडे तोंड करून तसाच उभा होता. मी "चल" म्हटल्यावर निघाला.

मला वाटलं, ऊन लागलं असेल.

पुढचे दिवस यमुनामावशी इतक्या खुशीत होत्या की मला त्यांच्याकडे बघवेना. मुलगा हट्ट करत नव्हता. वाढाल ते जेवत होता. मीठ घालायला विसरल्या तरी जेवत होता. बाहेरून आला की उंबऱ्याशी उभा राहायचा, आणि कुणी "ये की आत" म्हटल्यावरच पाऊल आत टाकायचा. "लगीन ठरलं की पोरगा सुधारतो," त्या सगळ्यांना सांगत. मी अडकित्ता परत द्यायला गेलो तेव्हा त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. तीळ, हनुवटीवरचा व्रण, सगळं जागच्या जागी होतं. माझी झोप मात्र गेली, आणि का गेली ते मला सांगता येत नव्हतं.

हळदीला बायकांनी त्याला माखला. हळद अंगावर लागल्या लागल्या सुकली आणि भुकटी होऊन पाटावर पडली. त्यांनी परत लावली. परत पडली. "वैशाखाचं ऊन गो बाई," कुणीतरी म्हणालं आणि गाणं पुढे सुरू झालं. पाटाभोवती पिवळी धूळ साचली होती. आत्माराम तिच्या मध्ये बसून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता, जसं आपण परक्या गावच्या पंगतीत बघतो, आता काय करायचं असतं ते कळावं म्हणून.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला प्लेट आठवली. फुकट गेलेली, पण म्हटलं बघू. आमच्या भाताच्या कोठीत कंदिलाला लाल फडकं गुंडाळून मी बसलो. बशीतल्या औषधाच्या पाण्यात काच हलवत राहिलो. आधी आभाळ आलं, मग समुद्राची रेघ, मग बाबा. काचेवर सगळं उलटं येतं, पांढरं ते काळं. बाबाची रेघ काळी आली. आणि रेघेच्या आत आत्माराम.

स्वच्छ. भुवईचा केस न् केस दिसावा इतका स्वच्छ.

मी थट्टेखोर असेन, पण हिशेब मला कळतो. टोपी उघडी असताना जो उठला त्याचं धुकं उमटायला हवं होतं. धुकं नव्हतं. मी टोपी बसवीपर्यंत आत्माराम हललाच नव्हता.

मग उठला तो कोण होता?

मी ओली काच घेऊन पऱ्या ओलांडला. यमुनामावशी पडवीत पाहुण्यांना सुपारी देत होत्या. त्यांनी काच दिव्यासमोर धरली आणि किंचाळल्या. "अगोबाई! उद्या लगीन आणि पोराचं तोंड काळं केलंस!"

"मावशी, काचेवर उलटं दिसतं. ते जाऊ दे. हा आत्माराम आहे. तो अजून वर सड्यावर आहे. आत जो बसलाय तो..." मी माजघराकडे बोट केलं. "तो दुसरा कुणीतरी आहे."

मग वेळणेश्वराहून आलेले त्यांचे भाऊ गंभीरपणे म्हणाले, "आणि हत्ती कुठवर आला रे, बाळा?"

हसून हसून एकाला ठसका लागला. आतल्या दारात आत्माराम उभा होता. सगळे हसताहेत हे त्याने पाहिलं, आणि थोड्या वेळाने तोही हसला.

पहाटे हिरा मागच्या दारी तोंड धूत होती. हातांवर हळद होती. तिची हळद टिकली होती. मी तिला सगळं सांगितलं, काच दाखवली. ती रागावेल किंवा रडेल असं वाटलं होतं. ती तांब्या खाली ठेवून पायरीवर बसली.

"परवा पऱ्यावर भेटला," ती म्हणाली. "मी विचारलं, मला लहानपणी काय म्हणून चिडवायचास? तर म्हणाला, तू सांग."

"मग?"

"मग मी खोटंच सांगितलं. तर म्हणाला, हो, तेच." ती हळदीचे हात बघत राहिली. "दादा, तू मला आजवर किती फसवलंस. आज फसवत असशील तर बरं होईल."

"नाही गो."

"मग जा. त्याला आण. कसा आणशील ते मला नाही ठाऊक." आमचा मामा आगबोटीवर खलाशी, तो वैशाखात कधी जमिनीवर नसतो. म्हणून नवरीला हाताला धरून बोहल्यावर नेण्याचा मामाचा मान माझ्याकडे होता. तेच हिराने पकडलं. "तू येऊन माझा हात धरलास तरच मी उठेन. दुसऱ्या कुणाचा धरणार नाही. आईने मारलं तरी नाही उठणार. मुहूर्त जाऊ दे खड्ड्यात."

लग्नाचा कोट खुंटीवर सोडून मी सदऱ्यावरच निघालो.

सड्यावर ऊन चढत होतं. वहाणा तिथेच होत्या, जोडून ठेवलेल्या. इतके दिवस सड्यावर वारा वाहिला होता, पण रांगोळीची रेघ मोडली नव्हती. आत कुणी नव्हतं. नुसता कातळ. मी हात लावला. गार.

"आत्माराम," मी हाक मारली. कातळाला हाक मारताना माणूस किती मूर्ख दिसतो, हे बघायला नशिबाने गुराखीही नव्हते.

अडकित्ता मध्यभागी ठेवून पाहिला. काही झालं नाही. अडकित्त्याने सुपारी कातरता येते, एवढंच. मग वाटलं, त्याला हलू नको म्हणून मीच सांगितलं होतं. मी चिऱ्यांपाशी गेलो, कॅमेरा होता तिथे उभा राहिलो, टोपी बसवल्यासारखा हात केला आणि ओरडलो, "झालं! झालं रे!"

आवाज सड्यावरून जाऊन समुद्रात पडला.

पुन्हा ओरडलो. घसा सुकला. खाली ताशा वाजायला लागला असेल, हिरा पायरीवर बसून असेल, आई तिच्या विनवण्या करत असेल. काय करावं ते सुचेना. मी रेघेजवळ गेलो. तो आडवा असताना त्याला काय दिसत होतं, एवढं तरी कळेल म्हणून आत पाय टाकला आणि निजलो.

मी आत्मारामपेक्षा वीतभर उंच आहे. डोकं डोक्यात बसलं. टाचा टाचांत.

गारवा पाठीतून आत आला. वर आभाळ इतकं पांढरं होतं की डोळे मिटून घ्यावे लागले. घेतले, आणि लगेच उघडले.

"झालं," कुणीतरी म्हणालं. "ऊठ आता. फोटो माझा काढायचाय आणि आडवा तू?"

आत्माराम माझ्या उशाशी उभा होता. वहाणा घालत होता. पाठ रांगोळीने माखलेली, ओठांना चिरा पडलेल्या. "किती वेळ रे लावलास! घशाला कोरड पडली. पाणी आहे का? आणि कॅमेरा कुठे ठेवलास?"

मी त्याला मिठी मारली. तो घामाने ओला होता. "सोड, मेल्या," तो म्हणाला, आणि एक अस्सल शिवी दिली. इतकी गोड शिवी मी कधी ऐकली नव्हती.

मग माझ्या लक्षात आलं की ऊन डोक्यावर आलं आहे. मी निजलो तेव्हा ते सड्याच्या पूर्वेकडच्या कडेला होतं.

आम्ही धावत सुटलो, म्हणजे मी धावलो आणि तो "काय झालं, काय झालं" करत मागे. उतरणीच्या तोंडाशी खालून सनई ऐकू आली. मग मंगलाष्टकं. मग एकदम ताशा कडाडला.

"अरे," आत्माराम कान देत म्हणाला, "तुमच्याच वाडीतून येतंय. आज कुणाचं लग्न?"

हिरा उठणार नव्हती. तिने सांगितलं होतं. मी तिचा हात धरल्याशिवाय ती उठणार नव्हती.

घराच्या मागच्या गडग्यापाशी पोचलो. गडग्यावरून मांडवाचं बोहलं दिसतं. अंतरपाट दूर झाला होता. हार घालून झाले होते. मुंडावळ्या बांधलेला आत्माराम हिरासमोर उभा होता. माझ्या खांद्यावर धापा टाकणाऱ्या आत्मारामचा हात होता, तो सावकाश सैल झाला.

हिराच्या शेजारी, तिचा हात धरून, एकजण उभा होता. आमच्याकडे त्याची पाठ होती. अंगात माझा कोट होता.

मी तिला हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात तो मंडळींकडे वाकून काहीतरी म्हणाला. सगळा मांडव हसला. यमुनामावशींनी पदर तोंडाला लावला. वेळणेश्वरकरांनी मांडीवर थाप मारली.

हिरा लहानपणापासून माझ्या एकाही थट्टेला हसलेली नाही. मी तिच्याकडे पाहिलं.

ती हसत होती.